शिमशोनची साक्ष

बाबांनी दाढी केली त्या सकाळी आई न्हाणीच्या दाराशी उभी राहून पदराने डोळे पुसत होती. आत नळाचं पाणी वाजत होतं, मधूनच वस्तरा वाटीच्या कडेवर टेकवल्याचा आवाज येत होता. कित्येक आठवड्यांत तो आवाज आमच्या घरात झाला नव्हता.

"गरम पाणी हवं का आणखी?" आईने विचारलं.

"नको. दीनाला सांग, माझा काळा कोट झटकून ठेव म्हणावं."

मी कोट झटकला. मुंबईच्या गोदीत पेट्या बांधल्या तेव्हाच्या डांबरगोळ्यांचा वास त्याला अजून होता. माझी थोरली बहीण सिम्हा खिडकीशी बसून वेणी घालत होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि हसली. त्या दिवशी तिच्या लग्नाचं काय ते ठरायचं होतं.

ही एकोणीसशे बासष्टच्या उन्हाळ्यातली गोष्ट. आम्ही बेने इस्राएल, अलिबागच्या खालच्या अंगाला खाडीकाठच्या गावातले. गाव आम्हाला शनवारतेली म्हणायचा, कारण आमच्या पूर्वजांचा धंदा तेलाचा आणि शनिवारी त्यांचा घाणा बंद. बाबा, म्हणजे दानियल मास्तर, मराठी शाळेत शिकवायचे आणि आमच्या छोट्या प्रार्थनालयाचे हज्जान होते. हज्जान म्हणजे प्रार्थना चालवणारा. लग्न असो, सुंता असो, मयत असो, बाबांच्या आवाजाशिवाय गावात काही पार पडत नसे. पुढे एकेक घर रिकामं होऊन इस्राएलला निघालं तसे बाबाही निघाले. निरोपाच्या सभेत ते म्हणाले होते, "वाडवडील ज्या दिशेला तोंड करून उभे राहिले, तिथे आता पायांनी जायला मिळतंय."

आम्हाला एका ट्रकमधून आणून नेगेवच्या वाळवंटात उतरवलं. आई उतरायलाच तयार नव्हती. "गाव कुठे आहे?" ती विचारत राहिली. समोर सिमेंटच्या एकसारख्या इमारतींच्या दोन रांगा होत्या आणि त्यांच्यापुढे नुसता दगड. तेच गाव होतं.

सिम्हा आणि मी कापडगिरणीत लागलो. बाबांची मराठी तिथे कोणाला शिकायची नव्हती. हिब्रू त्यांना प्रार्थनेपुरती येत होती, त्यामुळे देवाशी बोलता येई, दुकानदाराशी नाही. गावात प्रार्थनालय होतं, पण ते मोरोक्कोहून आलेल्यांचं. त्यांच्या चाली वेगळ्या. बाबा तिथे जाऊन कोपऱ्यात बसायचे आणि ओठ न हलवता परत यायचे. कामाच्या कचेरीने त्यांना झाडं लावणाऱ्या टोळीवर धाडलं. खडकात खड्डा खणायचा, त्यात बोटभर रोप उभं करायचं, भोवती दगड रचायचे.

त्या टोळीचा मुकादम होता शिमशोन. हा आमच्याच गावचा. तरुणपणी फौजेत भरती झाला, लढाईत इकडच्या मुलखात फिरला आणि इथे देश झाला तसा बायकोला घेऊन आला. हिब्रू अशी बोलायचा की जणू इथेच जन्मला. त्याने बाबांच्या हातात कुदळ दिलीच नाही. "मास्तर, तुम्ही रोपांना पाणी घाला," म्हणाला. "खणायला पोरं आहेत."

त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. "त्याने माझ्यावर दया केली," एवढंच आईला म्हणाले.

तरी ते रोज कामावर जात होते. सिम्हाचं लग्न ठरलं तेव्हा तर बरेच खुललेही होते. मुलगा मोरोक्कोचा, नाव आर्मांद. आमच्याच गिरणीत यंत्रं दुरुस्त करायचा. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं. बाबांनी थोडे आढेवेढे घेतले आणि मग हो म्हणाले. लग्नाची नोंद करायला आम्ही जिल्ह्याच्या शहरात गेलो. तिथल्या धर्मकचेरीतल्या रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, आर्मांदचं सगळं भराभर लिहून घेतलं. सिम्हाचा जन्म हिंदुस्थानातला आहे कळल्यावर त्यांनी लेखणी खाली ठेवली.

यहुदीपण आईकडून येतं, म्हणून प्रश्न सगळे आईच्या बाजूचे. आईची आई कोण? तिची आई कोण? त्या यहुदीच होत्या हे कशावरून? कोण सांगतो?

"मी सांगतो," बाबा म्हणाले. "मी हज्जान आहे." आणि मोडकी हिब्रू अपुरी पडायला लागली तशी त्यांनी उभं राहून पहाटेची सगळी प्रार्थना तोंडपाठ म्हटली. खणखणीत आवाजात. रब्बींनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली.

"पाठ कोणीही करू शकतो," ते म्हणाले. ते उर्मट नव्हते, थकलेले होते. वरून तसा हुकूम आहे, असं त्यांनी आर्मांदला समजावलं. आता दोनच वाटा होत्या. घराबाहेरचा, पण आईच्या माहेरची माहिती असलेला साक्षीदार आणायचा, नाहीतर मुलीने विधीच्या पाण्यात बुडी घेऊन नव्याने यहुदी व्हायचं.

बसमध्ये बाबा एकदाच बोलले. "माझी मुलगी धर्म घेणार. कोणता? तिचाच."

दुसऱ्या दिवशी ते उठले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. आईने भरवलं तर दोन घास खायचे. दाढी वाढली, नखं वाढली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासून मला हिब्रूत सांगितलं की दुखणं शरीराचं नाही, मनाचं आहे. मी घरी येऊन ते आईला सांगितलं.

"हे बाहेर बोलायचं नाही," आई म्हणाली. "पाठ धरलीय म्हणायचं."

आमच्या इमारतीत असे आणखी दोघे होते. एक मुंबईच्या कापडगिरणीतला जॉबर, दुसरा पनवेलचा पोस्टमन. त्यांचीही पाठच धरलेली होती. जिन्यात भेटल्या की बायका एकमेकींना मलमांची नावं विचारायच्या.

साक्षीदार एकच होता. आमच्या गावची बाकीची कुटुंबं दूर दूर पांगली होती आणि इथे होती ती आईहून लहान. आईच्या आईला ओळखणारा फक्त शिमशोन. त्याची आई गावची सुईण, माझी आई तिच्याच हातावर जन्मली.

तरी आईने त्याच्याकडे जायला दिवसामागून दिवस घालवले. ते का, ते परक्याला सांगावं लागेल. आमच्यात दोन भाग होते, गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल. कातडीशी त्याचा संबंध नव्हता. बाबा शिमशोनपेक्षा चांगले काळेसावळे होते. कधीकाळी कोणा पूर्वजाने जातीबाहेरची बायको केली, तिची संतती ती काळे इस्राएल, असं म्हणत. प्रार्थना तीच, शनिवार तोच, उपास तेच. पण ते मागे चपलांपाशी बसायचे. मलिद्याच्या, म्हणजे नवस फेडायच्या, दिवशी गूळपोह्यांचं एक ताट सगळ्यांत फिरायचं, त्यांचं मात्र वेगळं असायचं. आम्ही त्यांच्यात मुली दिल्या नाहीत, त्यांच्या मुली केल्या नाहीत. शिमशोन काळा इस्राएल होता.

शेवटी एका दुपारी आई मला घेऊन त्याच्या घरी गेली. शिमशोनची बायको रूथ हिने दार उघडलं. तिने आम्हाला बसायला सांगितलं आणि काही न विचारता चहा ठेवला. शिमशोन अंघोळ करून आला तोवर कप आमच्यासमोर होते.

आईने कपाकडे बघितलं. गावी आम्ही त्यांच्या घरचं पाणीसुद्धा पीत नव्हतो. मग तिने कप उचलला आणि प्यायला सुरुवात केली. रूथ आईच्या तोंडाकडे बघत नव्हती, त्या कपाकडे बघत होती.

"सिम्हाचं कळलं मला," शिमशोन म्हणाला. "मिल्काबाई, तुमच्या आईला मी ओळखत होतो. आमच्या आयशीकडे खजुराचा पुडा घेऊन यायच्या सणाला. जे आहे ते सांगायला माझं काय जातं?"

"काही जात नाही?" रूथ म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तुझा बाप गेला तेव्हा हे मास्तर अंगणात आले नाहीत. कुंपणाबाहेर उभे राहून मयताची प्रार्थना म्हणाले आणि गेले."

"मुलीचं लग्न आहे, रूथ. आपल्यालाही दोन मुली आहेत."

आई कप खाली ठेवून म्हणाली, "ते आजारी आहेत."

"पाठ ना?" रूथने विचारलं.

"पाठ नाही," आई म्हणाली. हे तिने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

शिमशोनने मान हलवली. "टोळीत होते तेव्हाच दिसलं होतं मला. पाणी घालता घालता थांबायचे. आळं भरून पाणी वाहून जायचं, तरी उभेच."

दुसऱ्या दिवशी तो आमच्या घरी आला. बाबांच्या खोलीच्या उंबऱ्यावरच उभा राहिला. "मास्तर, मी येतो साक्षीला. मिल्काबाईंचं माहेर मला ठाऊक आहे."

 बाबांनी कूस बदलली. त्यांचं तोंड खोलीकडे झालं. "बस," ते म्हणाले.

शिमशोन आत येऊन खुर्चीवर बसला. जाताना तो म्हणाला, "सोमवारी सकाळच्या बसने," आणि बाबांनी मान डोलावली.

म्हणून त्या सोमवारी बाबांनी दाढी केली होती आणि म्हणून आई दाराशी रडत होती.

बसमध्ये बाबांनी शिमशोनला आपल्या शेजारी बसवून घेतलं. मी आणि आई मागे, सिम्हा आणि आर्मांद आमच्या मागे. रस्ताभर दोघं गावाचं बोलत होते. खाडीवरच्या तरीचा तांडेल, जो भरतीला झोपायचा आणि ओहोटीला हाका मारायचा. काजूच्या बागेतला सर्प. कुठल्याशा आठवणीवर बाबा हसले. आईने माझा हात घट्ट धरला. मला वाटलं, सुटलो.

कचेरीत तेच रब्बी होते. शिमशोन त्यांच्यासमोर टोपी सारखी करून उभा राहिला. आईच्या आईचं नाव, तिच्या माहेरचं गाव, तिच्या आईचं नाव, त्या घरात शनिवार कसा पाळायचे, मयत कुठे पुरली, सगळं त्याने सावकाश सांगितलं. रब्बी लिहीत होते. मधूनच मान हलवत होते. सिम्हाने आर्मांदच्या बाहीचं टोक धरलं होतं.

लिहून झाल्यावर रब्बींनी वर बघितलं. "आणि तू? तू कोण?"

"बेने इस्राएल."

"तुमच्यात दोन प्रकार आहेत असं मी ऐकलंय. एक दुसऱ्याशी सोयरीक करत नाही. तू कुठला?"

शिमशोन म्हणाला, "मी यहुदी आहे. या देशात मला हे आजवर कोणी विचारलं नाही."

"साक्षीदाराला विचारावं लागतं." रब्बींनी बाबांकडे बघितलं. "हे तुमच्या गावचे हज्जान होते ना? मग हज्जान सांगतील. त्यांचा शब्द मी मानतो. त्यांना विचार, तुझं घराणं त्यांच्या बरोबरीचं आहे का? त्यांनी तुझ्या घरात मुलगी दिली असती का?"

त्यांनी हे शिमशोनलाच विचारायला सांगितलं, कारण त्या खोलीत चांगली हिब्रू आणि मराठी दोन्ही त्यालाच येत होती. पण 'हज्जान' हा शब्द बाबांना कळला होता. या देशात त्यांना त्या नावाने कोणी पहिल्यांदाच संबोधत होतं. मी त्यांना खुर्चीत ताठ होताना बघितलं. त्यांनी कोटाचं वरचं बटण लावलं.

शिमशोन त्यांच्याकडे वळला. आमच्या गावच्या मराठीत, रस्ता विचारावा तशा आवाजात म्हणाला, "मास्तर, हे विचारतायत, आमचं घराणं तुमच्या बरोबरीचं काय? तुम्ही आमच्या घरात मुलगी दिली असतीत काय? तुम्ही सांगाल ते धरणार आहेत."

बाबांनी त्याच्याकडे बघितलं, मग रब्बींकडे.

"बाबा," सिम्हा हळू म्हणाली, "हो म्हणा."

आई जमिनीकडे बघत होती. वर पंखा फिरत होता आणि मेजावरच्या कागदांचे कोपरे उडत होते.

"नसती दिली," बाबा म्हणाले. तो शाळेतला आवाज होता, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. "आमच्यात तसा रिवाज नव्हता. ते वेगळे, आम्ही वेगळे."

शिमशोन परत रब्बींकडे वळला आणि त्याने ते हिब्रूत सांगितलं. मला तोवर पुरेशी हिब्रू येत होती. त्याने एक शब्द गाळला नाही, एकही मऊ केला नाही. नसती दिली. ते वेगळे, आम्ही वेगळे.

रब्बींनी लेखणीला टोपण लावलं. "मग ही साक्ष धरता येणार नाही."

बाहेर रस्त्यावर ऊन मी म्हणत होतं. सिम्हा बाबांसमोर उभी राहिली. ती ओरडेल असं मला वाटलं, पण ती आर्मांदला घेऊन चालू पडली. बाबा थांब्याच्या बाकावर बसले.  शिमशोन जरा लांब उभा होता. थोड्या वेळाने तो माझ्याकडे येऊन म्हणाला, "दीना, त्यांना पाणी दे. उन्हाची सवय राहिली नाही त्यांना." बस आली तेव्हा तो आमच्याबरोबर चढला नाही. पुढच्या बसने येतो म्हणाला.

सिम्हाने बुडी घेतली. आई बरोबर गेली होती. तिथल्या बाईने तिला तीनदा पाण्याखाली घातलं आणि वर आल्यावर गालावर हात फिरवून म्हणाली, आता तू आमची. सिम्हा ओल्या केसांनी बाहेर आली. आईने तिचे केस पुसले, दोघी बसमध्ये बसल्या आणि घरी आल्या. लग्न आर्मांदच्या घरी झालं. बाबा खुर्चीवर बसून होते, समोर ठेवलं ते त्यांनी खाल्लं. त्यानंतर ते ना कामावर गेले, ना प्रार्थनेला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या त्या आई दुधातून देत असे. लोक पाठीची चौकशी करायचे.

कचेरीतली गोष्ट कशी फुटली कोण जाणे. आमच्यापैकी कोणी सांगितली नव्हती, पण हिवाळ्यापर्यंत ती सगळ्या इमारतींत पोचली होती. शिमशोनच्या थोरल्या मुलीची सोयरीक एका मुंबईकडच्या गोऱ्या इस्राएल घरात जुळत आली होती. त्या लोकांना शिमशोनचं गाव माहीत होतं, घराणं माहीत नव्हतं. ती सोयरीक मोडली. वसंतात ते कुटुंब उत्तरेकडे निघून गेलं.

जायच्या आदल्या दिवशी रूथ आम्हाला भाजीच्या दुकानात भेटली. आईने तिचा दंड धरला.

रूथने दंड सोडवून घेतला नाही. ती म्हणाली, "तुम्ही चहा प्यायलात ना मिल्काबाई, तेव्हा मला वाटलं होतं..." आणि तिने टोमॅटो पिशवीत भरले.

बाबा त्यानंतर बरीच वर्षं जगले. शेवटच्या वर्षी, का कोण जाणे, ते थोडे मोकळे झाले होते. संध्याकाळी मी त्यांना सज्जात बसवायची. टोळीने लावलेली झाडं आता समोरच्या टेकाडावर रांगेने उभी होती. सगळी जगली नव्हती, पण होती ती माणसापेक्षा उंच होती. एका संध्याकाळी मी विचारलं.

"बाबा, त्या दिवशी कचेरीत हो का नाही म्हणालात?"

त्यांना कोणता दिवस ते विचारावं लागलं नाही. "खोटं झालं असतं," ते म्हणाले. मग विद्यार्थ्याचं चुकलेलं गणित खोडावं तसा हात हलवला. "नाही. खोट्याचं काही नव्हतं. तुझी आई लोकांना माझी पाठ धरलीय म्हणून सांगायची, ते मी ऐकत नव्हतो होय? खोटं आम्ही रोज बोलत होतो."

"मग?"

"त्या माणसाने मला हज्जान म्हटलं, दीना. शाळा गेली होती. भाषा गेली होती. उभं राहून म्हणायची जागा गेली होती. माझी बायको कोण, माझी मुलगी कोण, तेसुद्धा हे म्हणतील तसं." त्यांनी समोरच्या झाडांकडे बघितलं. "माझ्याकडे एकच गोष्ट उरली होती. माझ्या खाली कोणीतरी आहे, एवढीच. ती पण मी देऊन टाकायची होती काय?"

त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. ते उत्तराची वाट बघत होते. 

खाली जिन्यात सिम्हाची मुलं भांडत वर येत होती. धाकटा धावत सज्जात आला आणि आजोबांच्या गुडघ्याला धरून भावाची तक्रार सांगू लागला, भराभर, हिब्रूत. बाबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्याचं संपेपर्यंत ऐकून घेतलं. तो काय म्हणाला ते त्यांना कळलं नव्हतं. मलाही त्यांनी विचारलं नाही.